घर कुठं गेलं? : आयर्न अँड वाइनचा दुसरा अल्बम, रेकॉर्डवर

गेल्या दिवाळीत मी एक चांगलं काम करायला गेलो आणि आईला रडवून बसलो.

आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, ओव्यांची एक कॅसेट मामाकडे होती. १९९६ साली मामाने नवा टू-इन-वन आणला, आणि तो रेकॉर्डिंग नीट करतो का हे बघायला त्याने आजीला जात्याशी बसवून गायला लावलं. आजी २०१९ मध्ये गेली. कॅसेट मामाच्या कपाटात लग्नाच्या अल्बमांखाली पडून होती. मी ती पुण्याला आणली, एका मित्राकडून टेपरेकॉर्डर मागून घेतला, लॅपटॉपला जोडला आणि अर्ध्या तासाची फाइल तयार केली. ऐकायला बसलो तर आजीच्या आवाजाच्या मागे सगळीकडे एकच सूं… चालू. टेपचा तो ठरलेला आवाज.

मी इंजिनियर माणूस. नॉइज दिसला की हात शिवशिवतात. एका फुकटच्या सॉफ्टवेअरला आजी गात नसतानाचा तुकडा दाखवला, 'हा बघ, हा नको असलेला आवाज' असं सांगितलं, आणि त्याने पूर्ण फाइलमधून तो आवाज काढून टाकला. एकदा केलं. बरं वाटलं म्हणून पुन्हा केलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आईला हेडफोन लावून ती फाइल ऐकवली. आईने डोळे मिटून ऐकलं. मग हेडफोन काढले आणि म्हणाली, "आवाज आईचाच आहे. पण घर कुठं गेलं रे?"

मी मूळ फाइल पुन्हा लावली तेव्हा मला ते ऐकू आलं. त्या सूं… च्या आत जात्याची घरघर होती. लांब कुठेतरी कोंबडा होता. मध्येच कुणीतरी 'दूध बघ गं' म्हणत होतं. आईच्या म्हणण्याप्रमाणे ती थोरली मावशी. नॉइज म्हणून मी जे पुसलं होतं, त्यात आईचं माहेर होतं.

आता तुम्ही म्हणाल, याचा अमेरिकेतल्या एका दाढीवाल्या गायकाच्या अल्बमशी काय संबंध? संबंध असा, की त्याच महिन्यात मी बोनसच्या पैशांतून रेकॉर्ड प्लेयर घेतला होता आणि त्यावर पहिली रेकॉर्ड लावली होती ती आयर्न अँड वाइनच्या दुसऱ्या अल्बमची: 'अवर एंडलेस नंबर्ड डेज', सब पॉप, २००४. कॉलेजपासून हा अल्बम मी फोनवर किती वेळा ऐकला असेल याचा हिशोब नाही. पण आईच्या त्या प्रश्नानंतर तो मला वेगळाच ऐकू यायला लागला. कारण हा अल्बमसुद्धा मुळात एक साफसफाई आहे.

आधी थोडी ओळख. आयर्न अँड वाइन हा बँड वाटला तरी सुरुवातीला तो एकच माणूस होता: सॅम बीम. जन्म १९७४, साउथ कॅरोलायना. त्याचं आडनाव-गाव माहीत नसलं तरी आवाज तुम्ही बहुतेक ऐकलेला आहे. 'ट्वायलाइट' सिनेमात शेवटी प्रॉममध्ये वाजतं ते 'फ्लाइटलेस बर्ड, अमेरिकन माउथ' त्याचं. 'गार्डन स्टेट'मध्ये पोस्टल सर्व्हिसच्या 'सच ग्रेट हाइट्स'ची जी हळुवार आवृत्ती आहे, तीही त्याची. नावाची गोष्ट मजेशीर आहे. एका सिनेमाच्या शूटिंगच्या वेळी त्याला एका दुकानात 'बीफ, आयर्न अँड वाइन' नावाचं जुन्या काळचं टॉनिक दिसलं. त्यातलं बीफ गाळून त्याने उरलेलं नाव घेतलं. आपल्याकडे आजीच्या फडताळात लोहासवाची बाटली असायची, तोच प्रकार. लोह आणि आसव. या गायकाला मराठीत आणायचं झालंच तर नाव तयार आहे.

बीम मायामीत सिनेमाचं तंत्र शिकवायचा आणि घरी चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर गाणी करायचा. गिटार तोच, बँजो तोच, वरचा आवाज आणि खालचा आवाजही तोच. ती घरगुती रेकॉर्डिंग सब पॉपने २००२ मध्ये 'द क्रीक ड्रँक द क्रेडल' या नावाने काढली. ही तीच सिएटलची कंपनी जिने १९८९ मध्ये निर्वाणाचा पहिला अल्बम काढला होता. म्हणजे आरडाओरडा आणि फाटक्या गिटारींसाठी ओळखली जाणारी कंपनी एका कुजबुजणाऱ्या माणसाच्या मागे उभी राहिली.

तो पहिला अल्बम ऐकताना सूं… सतत असते. चार ट्रॅकवर वेगवेगळं रेकॉर्ड करून ते एकत्र केले की चौघांचाही नॉइज एकत्र येतो; हिशोबाने एका ट्रॅकपेक्षा सहा डेसिबलने जास्त. पण त्या अल्बमात तो नॉइज खोलीसारखा वागतो. बीमचा आवाज त्याच्या जेमतेम वर असतो, शेजारच्या खोलीत झोपलेलं कुणी उठू नये अशा बेताने गाणाऱ्या माणसासारखा. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण दाराशी उभे आहोत आणि त्याला ते माहीत नाही. अनेकांना आयर्न अँड वाइन आवडला तो या चोरून ऐकल्याच्या भावनेमुळे.

दुसऱ्या अल्बमसाठी बीम शिकागोला गेला. निर्माता ब्रायन डेक, ज्याने २००० मध्ये मॉडेस्ट माउसचा 'द मून अँड अंटार्क्टिका' केला होता. आता खरा स्टुडिओ होता, चांगले मायक्रोफोन होते, सोबत वाजवणारी माणसं होती, आणि बीमची बहीण सारा त्याच्याबरोबर गात होती. पहिल्याच गाण्यात, 'ऑन युअर विंग्ज'मध्ये, तालवाद्यं येतात. आणि सूं… गेलेली असते. दोन नोटांच्या मध्ये आता खरोखर शांतता आहे.

तेव्हा आईचा प्रश्न इथेही विचारता येतो. घर कुठं गेलं?

माझं उत्तर सरळ नाही. काही गाण्यांतून ते खरंच गेलं आहे. 'टीथ इन द ग्रास' आणि 'फ्री अंटिल दे कट मी डाउन' ही दोन गाणी अमेरिकन दक्षिणेच्या जुन्या ब्लूजच्या वाटेने जातात. दुसऱ्या गाण्यात फासावर जाणारा माणूस बोलतोय. ठेका चांगला आहे, पाय हलतो, पण मला दरवेळी वाटतं की हे दृश्य नीट प्रकाश लावून उभं केलंय. झाड, दोर, जमाव, सगळं जिथल्या तिथे. पहिल्या अल्बमात असा माणूस अंधारात असता आणि आपल्याला त्याचा फक्त श्वास ऐकू आला असता. इथे तो स्पष्ट दिसतो, आणि त्यामुळे मला त्याची भीतीही वाटत नाही, कीवही येत नाही. स्वच्छ आवाजाची ही किंमत आहे. कल्पनेला भरायला जागा राहत नाही.

पण मग 'नेकेड ॲज वी केम' लागतं, आणि माझी तक्रार मीच मागे घेतो.

जेमतेम अडीच मिनिटांचं गाणं. एक गिटार, दोन आवाज. एक जोडपं सकाळी अंथरुणात पडलंय, मुलं झोपलीत, आणि ती त्याला सांगतेय की मी आधी गेले तर मला मातीत घालून वाया घालवू नकोस. दोघांपैकी एक जण दुसऱ्याच्या मिठीत मरणार आहे आणि उरलेला राख अंगणात पसरणार आहे. एवढंच. नाट्य नाही, रडणं नाही, गिटार एकदाही थांबत नाही की जोर धरत नाही. जणू दोघं गॅस सिलेंडर कधी संपेल यावर बोलतायत. लग्न होऊन बरीच वर्षं झालेली माणसं खरोखर याच सुरात हे बोलतात, मी ऐकलंय. 'माझ्या मागं ह्यांना चहा वेळेवर देत जा' हे वाक्य कोणत्या घरात नाही?

या गाण्यात नवरा-बायकोचे शब्द भाऊ-बहीण गातायत. सारा त्याच्या अगदी जवळ गाते, पण चिकटून नाही. दोन आवाजांमध्ये एक बारीकशी फट राहते. एकाच घरात वाढलेले दोन गळे, त्यामुळे पोत सारखा. तरी फट आहे. गाणं त्या फटीबद्दलच आहे: कितीही जवळ असलं तरी दोघं एका वेळी जात नाहीत. आणि ती फट चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर ऐकू आली नसती. सूं… ने ती भरून टाकली असती. म्हणजे इथे शांततेची खरी गरज होती. नॉइज काढल्यावर जे उरलं, ते आधी ऐकूच येत नव्हतं.

राखेचं ऐकताना मला मामाचं शेत आठवतं. आजीची राख मामाने नदीत सोडली नाही. बांधाजवळ खड्डा केला, राख त्यात घातली आणि वर आंब्याचं रोप लावलं. हल्ली आमच्याकडे बरेच जण असं करतात. गुरुजींना ते फारसं पसंत नव्हतं, पण आजीच सांगून गेली होती. अमेरिकेतलं अंगण आणि वाईजवळचा बांध यांत समुद्र आहे. तरीही मरणानंतर घराच्या आसपासच राहायची ही इच्छा मला अनोळखी वाटली नाही.

अख्खा अल्बम या इच्छेभोवती फिरतो. 'सिंडर अँड स्मोक'मध्ये शेतावरचं घर जळतंय आणि चिखलाने माखलेला कुत्रा आईचे कपडे ओढत नेतोय. 'ईच कमिंग नाइट'मध्ये एक माणूस विचारतो, मी गेल्यावर माझ्याबद्दल काय म्हणशील. 'सॉडम, साउथ जॉर्जिया'मध्ये वडील वारतात आणि गाव देवाच्या चांगुलपणाचं कौतुक करत राहतं. बायबलमधल्या जळून गेलेल्या शहराचं नाव त्या गावाला देऊन बीम आपलं मत सांगून टाकतो. प्रत्येक गाण्यात घर आहे आणि प्रत्येक घरातून कुणीतरी जाणार आहे. स्टुडिओत जाऊन घर हरवलेल्या माणसाने घराबद्दलच गावं, यात मला विसंगती वाटत नाही. आपणही आजोळाबद्दल जास्त बोलतो ते पुण्याला आल्यावरच.

अल्बमच्या नावातच गंमत आहे. 'एंडलेस' आणि 'नंबर्ड', न संपणारे आणि मोजलेले. दिवस एक तर मोजलेले असतील किंवा अनंत असतील. बायबलच्या नव्वदाव्या स्तोत्रात दिवस मोजायला शिकव अशी प्रार्थना आहे. 'नंबर्ड डेज'ला त्या परंपरेचा वास आहे. पण रोज जगताना दिवस न संपणारेच वाटतात. स्टँडअप, लंच, डिप्लॉयमेंट, ट्रॅफिक, झोप. मोजलेले आहेत हे कळतं ते कुणी गेल्यावर. हे शब्द येतात शेवटच्या गाण्यातून, 'पासिंग आफ्टरनून'मधून. एका स्त्रीचं पूर्ण आयुष्य काही कडव्यांत: उन्हाळा, मग पानगळ, मग वसंत, मग थंडी. तिची मुलं, तिचं नीट घातलेलं अंथरूण, तिची हरवलेली अंगठी, आणि कुठे ठेवलं ते आठवत नाही असं बोगनवेलीच्या बियांचं भांडं. 'हाउस' मालिकेच्या चौथ्या सीझनच्या अगदी शेवटी हे गाणं वाजतं. ज्यांनी तो भाग पाहिलाय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मला मात्र त्यातली बोगनवेल लागते. आमच्या सोसायटीच्या कुंपणावर ती आहे, मामाच्या फाटकावरही होती. मरणाबद्दलच्या इंग्रजी गाण्यात इतकी आपली वस्तू निघेल असं वाटलं नव्हतं.

आता रेकॉर्डबद्दल. हे ऐकायला रेकॉर्डच हवी का? तांत्रिक उत्तर: अजिबात नको. सोळा बिटांच्या सीडीत सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबल असतं; रेकॉर्डला साधारण ६० ते ७० च्या पुढे जाणं अवघड. शिवाय तबकडीची रचनाच अशी की शेवटाकडे दर्जा घसरतो. ती मिनिटाला ३३⅓ वेळा फिरते, पण बाहेरच्या खाचेत सुई सेकंदाला अर्धा मीटर अंतर कापते आणि आतल्या खाचेत जेमतेम वीस सेंटिमीटर. तेवढ्याच संगीताला आत निम्म्याहून कमी जागा. म्हणून बाजूच्या शेवटी शांत गाणी ठेवलेली सोयीची पडतात. मोठ्या आवाजाला ती दाटी सोसत नाही.

'पासिंग आफ्टरनून' तिथेच आहे, शेवटच्या बाजूच्या सगळ्यात आतल्या खाचांत. शांत गाणं, अरुंद जागा, त्यामुळे तबकडीची तडतड सर्वांत जास्त ऐकू येते ती इथेच. आयुष्याच्या संध्याकाळबद्दलचं गाणं सुरू आहे आणि त्याच्या मागे चुलीत काटक्या फुटल्यासारखा बारीक आवाज. फोनवर हे नव्हतं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, झालं, घर परत आलं. मग विचार केला, तसं नाही. पहिल्या अल्बमातली सूं… बीमच्या घरची होती. ती रेकॉर्डिंगमध्येच आहे. तुम्ही सातारला ऐका किंवा सिएटलला, तीच सूं…, त्याच जागी. रेकॉर्डची तडतड रेकॉर्डिंगमध्ये नाहीच. ती या एका प्रतीची आहे. माझ्या खोलीतली धूळ, माझ्या सुईची झीज. डिसेंबरमध्ये ताईचा चार वर्षांचा मुलगा आला होता. त्याने 'मामा, हे मी लावतो' म्हणत सुई आपटली. तेव्हापासून माझ्या प्रतीत 'नेकेड ॲज वी केम'च्या सुरुवातीला टक्… टक्… असं सात-आठ वेळा होतं. तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणून दर १.८ सेकंदाला एक टक्. गाण्याच्या ठेक्यात तो बसत नाही. एकदा पुढे पडतो, एकदा मागे. आधी मी खूप चिडलो होतो. रेकॉर्ड काही स्वस्त नव्हती. आता कुणाकडे हे गाणं बिनटक्याचं ऐकलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

म्हणजे बीमने स्टुडिओत जाऊन आपलं घर काढून घेतलं, आणि ती मोकळी जागा ज्याची त्याने भरायची आहे. हे त्याने ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण पहिल्या अल्बमात मी दाराशी उभा होतो. दुसऱ्यात दार माझ्याच घराचं आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे: ही सगळी रेकॉर्ड विकत घेतल्यानंतरची पटवापटवी आहे. पैसे घातले की माणसाला तडतडीतही अर्थ सापडतो. मान्य. माझ्या टीममधल्या एकाने मला सरळ विचारलं, 'हे इन्स्टावर टाकायला घेतलंस ना?' एक फोटो टाकलाही होता. म्हणून एक स्वस्त प्रयोग सुचवतो, त्याला रेकॉर्ड लागत नाही. २०१९ मध्ये या अल्बमला पंधरा वर्षं झाली तेव्हा त्याची वाढीव आवृत्ती निघाली, आठ डेमोंसह. आधी डेमो ऐका, मग अल्बम ऐका. कोडमध्ये आपण जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून कुठली ओळ गेली आणि कुठली आली ते बघतो, तसं. मला असं आढळलं की गाण्याची चाल आणि शब्द यांत फार काही बदललेलं नाही. बदललं आहे ते ऐकणाऱ्याचं अंतर. डेमोत तो स्वतःशी गातो, अल्बममध्ये तुमच्याशी. तुम्हाला कुठलं हवंय ते तुम्हीच ठरवा. फोनवर ऐकणार असाल तर निदान रात्री ऐका, पंखा बंद न करता.

आजीच्या दोन्ही फाइल माझ्याकडे आहेत. साफ केलेली फाइल मी उडवून टाकणार होतो, पण आईने अडवलं. त्यात आजीचे शब्द स्पष्ट कळतात, आणि दोन ओव्यांचे शब्द आईला इतकी वर्षं नीट लागत नव्हते, ते आता लागले. ते तिने वहीत उतरवून घेतले. ऐकायला मात्र ती सूं… वाली मागते.

मागच्या रविवारी तिला 'पासिंग आफ्टरनून' लावून दिलं. इंग्रजी शब्द तिला फारसे कळले नाहीत, आणि मी सांगत बसलो नाही. गाणं संपल्यावरही तबकडी फिरत राहिली, सुई आतल्या रिकाम्या खाचेत. आई बराच वेळ ती तडतड ऐकत बसली. मग म्हणाली, "बंद करू नको एवढ्यात."